चालायच्या पँटची पिशवी

मास्तर: पिशवी?

सिस्टर: हो, पिशवी. दोन मजबूत बंद, खाली चौकोनी बूड आणि आत किल्ल्या मावतील एवढा एक खिसा. यात न समजण्यासारखं काय आहे?

मास्तर: समजलं हो. मी आपलं खात्री करून घेतोय. या पँटची पिशवी?

सिस्टर: दुसरी कुठली पँट दिसतेय का तुम्हाला टेबलावर?

मास्तर: तसं नाही, पण ही ती पँट ना? अंगभर खिसेवाली. जिच्यासकट तुम्ही ओढ्यात बसला होतात.

सिस्टर: बसले नव्हते, पडले होते. आणि पडले कारण तुम्ही ऐन पाण्यात मागे वळून मला काज-बटणाचे प्रकार समजावून सांगत होतात.

मास्तर: तेच म्हणतोय मी. एवढं सगळं पाहिलंय हिनं. आणि आता हिच्यातून भेंडी न्यायची म्हणजे...

सिस्टर: मास्तर, तुम्ही टेलर आहात की वकील? पँट माझी, पाय माझे, भेंडीही माझी. कापा.

मास्तर: कापतो ना. नाही कुठं म्हणतोय? पण दुकानाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. कात्री लावायच्या आधी गिऱ्हाईकाला तीनदा विचारायचं.

सिस्टर: ठाऊक आहे. त्या बँडवाल्याच्या कोटाची गोष्ट सगळ्या डोंगरभर ऐकलीय मी.

मास्तर: मग? तो म्हणाला आखूड करा, मी कोट आखूड केला. त्याला हव्या होत्या बाह्या आखूड. कोट घालून बघितल्यावर काय चेहरा झाला होता त्याचा! शिवण चुकली तर उसवता येते, सिस्टर, पण कापलेल्याला काय करणार? त्या दिवसापासून मी तीनदा विचारतो. कुणी चिडलं तरी विचारतो.

सिस्टर: मग विचारा आणि मोकळे व्हा.

मास्तर: पहिल्यांदा विचारतो हं. कापू?

सिस्टर: कापा.

मास्तर: झालं एकदा. आता जरा दम खाऊ. गुडघा काय म्हणतोय?

सिस्टर: गुडघ्याला काय म्हणायचंय? नवीन बसवलाय, नव्यासारखा वागतोय. काठी आता फक्त जिन्याला लागते. दाराशी टेकवून ठेवलीय बघा. आणि तुमची ती दाराची पायरी आधी दुरुस्त करून घ्या. कोपरा पार फुटलाय. एखाद्याचा घोटा मुरगळेल आणि ड्युटी नसताना मला ड्रेसिंग करत बसावं लागेल.

मास्तर: निवृत्त होऊन इतका काळ झाला तरी तुमची ड्युटी काही सुटत नाही.

सिस्टर: वॉर्ड सुटला, ड्युटी कशी सुटेल? दुसऱ्यांदा कधी विचारताय?

मास्तर: विचारतो की. कात्रीला जरा तेल घालू दे. ही कात्री तेलाशिवाय चालत नाही.

सिस्टर: मघापासून चारदा दाराकडे बघितलंत. कुणाची वाट बघताय?

मास्तर: मी? कुणाची नाही.

लिफ्ट: आई गं! मास्तर, ही मेली पायरी कधी दुरुस्त करणार तुम्ही?

सिस्टर: ही इथे कशी?

मास्तर: योगायोग, दुसरं काय.

लिफ्ट: कसला योगायोग? तुम्हीच फोन केलात ना, ‘सिस्टर पँट कापायला आल्यात, असशील तशी ये’ म्हणून? बघा, अशीच आलेय. हातांना ग्रीस, खांद्यावर हत्यारांची पिशवी. पलीकडच्या इमारतीत लिफ्टचं दार अडकलं होतं. आत एक आजोबा. दार उघडलं तर म्हणतात, थांब पोरी, एवढं पान वाचून होऊ दे.

मास्तर: हिच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ.

सिस्टर: म्हणजे तेल-बिल सगळं नाटक! मला वाटलंच. कात्री लोण्यासारखी चालते यांची, मी डोंगरात बघितलीय. ये गं लिफ्ट, बस. आधी हात पूस. पँटला ग्रीस लावशील.

लिफ्ट: लागू दे की. पिशवीच तर होणार आहे तिची.

सिस्टर: टोमणे मारू नकोस.

लिफ्ट: टोमणा नाही, सिस्टर. वाईट वाटतंय मला. तुम्हाला माहितीय का, मला ऑफिसात सगळे नावानं हाक मारतात आणि मी वळूनच बघत नाही. ‘लिफ्ट’ म्हटलं की बघते. आणि लिफ्टच्या ऑफिसात ‘लिफ्ट’ हा शब्द काय कमी वेळा येतो? दिवसभर मान वळवतेय.

मास्तर: नाव कुणी ठेवलं होतं तुझं?

लिफ्ट: यांनीच की! पहिल्याच मुक्कामाला. मी सांगितलं, लोकांना एक जिनासुद्धा चढायला लागू नये हा माझा धंदा. तर या म्हणाल्या, ‘आणि स्वतः सुट्टी काढून डोंगर चढतेस? डोकं ठिकाणावर आहे का?’

सिस्टर: अजूनही मला तोच प्रश्न आहे. पहिल्याच मुक्कामाला हिनं ओले मोजे बरोब्बर माझ्या उशीवर वाळत घातले होते. अंधारात ठिबक ठिबक. मला वाटलं, छप्पर गळतंय.

लिफ्ट: तुम्ही उठून माझ्या नाकाला ते मोजे लावलेत!

सिस्टर: मग काय, पुन्हा घातलेस का कधी? वळण लागतं असं.

मास्तर: आणि दुसऱ्या दिवशी माझा फोड.

लिफ्ट: अरे देवा, तो फोड! टाचेवर लिंबाएवढा. आणि सिस्टरनी सुई काढल्याबरोबर हे धाडकन आडवे!

सिस्टर: चाळीस वर्षं नोकरी केली, पण असा पेशंट नाही बघितला. माणूस जन्मभर सुईवर जगतो आणि सुई बघून चक्कर येते.

मास्तर: अहो, कापडात जाणारी सुई वेगळी, माणसात जाणारी वेगळी! आणि शुद्धीवर आल्यावर मी तुमच्या पाठपिशवीचा तुटलेला पट्टा शिवून दिला, ते कुणी सांगत नाही.

सिस्टर: दिलात. अजून टिकलाय. ते खरं.

लिफ्ट: मग? असं सगळं असताना पिशवी कशाला?

सिस्टर: कारण चालणं संपलं. एवढं सोपं आहे. माझं व्हायचं होतं तेवढं झालं, तुमचं पूर्ण झालं. मी शेवटच्या निवाऱ्यापर्यंत आले, तुम्ही वाटेच्या टोकाला, दीपगृहापर्यंत गेलात. पँट कपाटात लटकते आणि कपाट उघडलं की माझ्याकडे बघते. मला नको आहे ती तिथे. पोरगाही म्हणतो, आई, आता पुरे.

लिफ्ट: पोरगा म्हणजे तो ना, जो पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जातो?

सिस्टर: त्याची कंबर दुखते.

लिफ्ट: चालत नाही म्हणून दुखते. मी त्याच इमारतीची लिफ्ट बघते, सिस्टर. मला त्यांच्या कंबरेचा सगळा इतिहास माहितीय.

सिस्टर: बरं, ते राहू दे. आलीच आहेस तर एक काम कर. दीपगृहाचं परत सांग. फोनवर ऐकलंय, पण समोर बसून नाही ऐकलं. मास्तर, तुम्ही पँट पसरा तोवर.

लिफ्ट: परत? किती वेळा सांगितलंय!

सिस्टर: म्हणून काय झालं? शेवटचा टप्पा कसा होता?

लिफ्ट: मस्त होता. म्हणजे... चढ होता.

मास्तर: उतार होता.

लिफ्ट: आधी चढ, मग उतार.

सिस्टर: आणि दीपगृह?

मास्तर: पांढरंशुभ्र! लांबून असं चमकत होतं, डोळे दिपले.

लिफ्ट: रंग देत होते ना त्याला. सगळीकडे बांबूच बांबू.

मास्तर: हां, म्हणजे रंग देऊन पांढरंशुभ्र करत होते.

सिस्टर: मागच्या वेळी धुकं होतं म्हणाली होतीस. दीपगृह नीट दिसलंच नाही म्हणे.

लिफ्ट: धुकं होतं. मग गेलं.

मास्तर: वारा सुटला आणि गेलं. डोंगरातलं हवामान, त्याचा काय नेम?

सिस्टर: समुद्र होता का जागेवर, की तोही रंगवायला नेला होता?

लिफ्ट: होता, होता. मोठ्ठा.

सिस्टर: आणि माझा दगड? सुरुवातीच्या खिंडीतून प्रत्येकानं एकेक उचलला होता, दीपगृहाशी चालणाऱ्यांनी रचलेल्या दगडांच्या ढिगावर ठेवायला. माझा तुमच्या हातात दिला होता मी, मास्तर. कुठे ठेवलात?

मास्तर: ढिगावर. पार वर.

लिफ्ट: मधे कुठेतरी.

मास्तर: वरून मधे. म्हणजे घरंगळला जरा. बरं सिस्टर, पँट पसरली बघा. हा पाय असा, हा पाय असा. इथून कापलं की बूड निघेल, या पायाचे बंद होतील. आता खडू... कानावर आहे होय! ही रेघ मारली. कापड सरकतंय जरा, तर यावर वजन... हं. आता दुसऱ्यांदा विचारतो. का...

सिस्टर: थांबा. हात काढा. हे काय ठेवलंत?

मास्तर: कुठे काय? वजन आहे ते. कापड सरकू नये म्हणून.

सिस्टर: चपटा, काळा, मधून पांढरी रेघ. आणि या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा. वॉर्डातली चिकटपट्टी, माझ्या हातची. लिफ्टच्या दगडाबरोबर अदलाबदल होऊ नये म्हणून लावली होती.

(बाहेरून एक सायकल घंटी वाजवत जाते.)

लिफ्ट: मास्तर, तुम्हाला दुसरं वजन मिळालं नाही?

मास्तर: हाताची सवय गं. रोज तोच उचलतो, रोज तोच ठेवतो. हाताला काय कळतं, समोर कोण बसलंय?

सिस्टर: तुम्ही दीपगृहाला गेलाच नाहीत.

मास्तर: सिस्टर, त्याचं असं आहे...

सिस्टर: हो की नाही?

लिफ्ट: नाही गेलो.

सिस्टर: मी त्या निवाऱ्यात, गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, गाडीत बसायच्या आधी तुमचे दोघांचे हात धरून शब्द घेतला होता. माझ्यामुळे थांबायचं नाही. एकच दिवसाची चाल राहिलीय, पुरी करा. दिला होतात ना शब्द?

मास्तर: दिला होता.

सिस्टर: आणि ऑपरेशननंतर पहिला फोन मी घरी नाही केला, तुम्हाला केला. ‘पोचलात का?’ एवढंच विचारलं.

लिफ्ट: तुमचा आवाज असा होता सिस्टर, असा पिचका... मला ओळखूच येईना. तोंडातून निघून गेलं, पोचलो म्हणून. हे शेजारी उभे होते, त्यांनी लगेच समुद्राची भर घातली.

मास्तर: तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो! आणि वाटलंही. हसलात तुम्ही. मग दर फोनला तुम्ही विचारायचात आणि आम्ही थोडं थोडं वाढवत गेलो.

सिस्टर: ते बांबू?

लिफ्ट: ते आत्ताच सुचले.

सिस्टर: मी पलंगावर पडल्या पडल्या डोळे मिटायचे आणि तुमच्याबरोबर चालायचे. खरंच सांगते. गुडघा वाकवताना जीव जायचा, तेव्हा त्या पोराला, त्या फिजिओथेरपिस्टला, शिव्या घालायच्या ऐवजी मी मनात म्हणायचे, आता पूल आला, आता चढ संपला, आता समुद्र दिसेल. आणि तुम्ही बघितलाच नव्हता तो!

लिफ्ट: समुद्र असेल ना पण तिथे. आम्ही नाही गेलो म्हणून काय तो हलणारे?

सिस्टर: तू गप्प बस. मला रडू येतंय आणि तू हसवू नकोस.

मास्तर: शिव्या द्या सिस्टर. मनसोक्त द्या. आमचं चुकलंच.

सिस्टर: का नाही गेलात ते सांगा आधी. खरं सांगा. आता बांबू नकोत.

लिफ्ट: मी सांगते. तुमची गाडी गेली आणि आम्ही निघालो. मास्तर पुढे, मी मागे. पूल ओलांडला. पलीकडे वाटेत एक मोठा दगड आडवा. मास्तर सवयीनं ओरडले, ‘दगड!’ मी मागे वळून ओरडले, ‘दगड!’ आणि थांबले.

सिस्टर: का?

लिफ्ट: का म्हणजे? तुमचाच नियम ना! पुढच्यानं सांगायचं, मधल्यानं पोचवायचं आणि मागच्यानं ‘बघितला’ म्हणायचं. मागून ‘बघितला’ आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

सिस्टर: वॉर्डातली पद्धत ती. सांगितलेलं समोरच्याला पोचलं का, हे कळलं पाहिजे.

लिफ्ट: तर मागून काही येईचना. मी आपली उभी. डोक्याला कळत होतं की मागे कुणी नाहीये, पण पाय उचलेना.

मास्तर: मी चांगला पुढे गेलो होतो. वळून बघतो तर ही वाटेत खांबासारखी उभी. मागे आलो. म्हटलं, काय झालं गं? तर म्हणते, उत्तर आलं नाही.

लिफ्ट: आणि हे माझ्या समोर उभे राहून भोकाड पसरून रडले.

मास्तर: डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

लिफ्ट: दोन्ही डोळ्यांत?

मास्तर: सिस्टर, मग आम्ही त्या दगडावर बसलो. डबा उघडला, खाल्लं नाही. मी म्हटलं, शब्द दिलाय, जाऊ या. ही म्हणाली, जाऊन काय करायचं, तिथे फोटो काढायचा तर मधली जागा रिकामी ठेवायची का? आणि माझाही पाय निघत नव्हता. मग आलो परत. तुमचा दगड मीच ठेवून घेतला. म्हटलं, सिस्टर आल्या की देऊ.

सिस्टर: आणि तुमचे दगड?

लिफ्ट: माझा हा काय, हत्यारांच्या पिशवीत. तेव्हापासून पान्ह्याबरोबर फिरतोय. रोज खांदा दुखतो.

मास्तर: माझा घरी. खिडकीचं दार आपटतं, त्याला लावलाय. तो गोटा आहे हो, कापडावर ठरत नाही, घरंगळतो. तुमचा छान चपटा आहे. दिवसभर हाताखाली असतो. बरं वाटतं.

सिस्टर: म्हणजे शेवटी तेच झालं. माझ्यामुळे तुमचं राहिलं. मला जे नको होतं, नेमकं तेच. जन्मभर मी लोकांसाठी थांबले, मास्तर. पेशंट झोपेपर्यंत थांबले, दुसरी नर्स येईपर्यंत थांबले, नवरा आजारी होता तेव्हा त्याच्या उशाशी थांबले, पोरगा परत यायचा तेव्हा दारात थांबले. ते मला जमतं. पण माझ्यासाठी कुणीतरी वाटेत बसून राहिलंय, हे मला सहन होत नाही. अंगावर काटा येतो. त्यापेक्षा पिशवी बरी.

लिफ्ट: फिजिओथेरपिस्ट काय म्हणाला?

सिस्टर: त्याचा काय संबंध?

लिफ्ट: काय म्हणाला ते सांगा.

सिस्टर: मूर्ख आहे तो. कालचं पोर.

मास्तर: पण म्हणाला काय?

सिस्टर: म्हणाला, चाला. डोंगरातसुद्धा जा म्हणाला, हळूहळू, गुडघ्याला पट्टा बांधून. वर म्हणतो कसा, मावशी, गुडघा तयार आहे, तुम्हीच तयार नाही.

लिफ्ट: मला आवडला हा मुलगा.

मास्तर: सिस्टर! म्हणजे तुम्हाला चालता येतंय आणि तुम्ही पँट कापायला निघालात?

सिस्टर: ओरडू नका. हो, येतंय. घरापासून बाजारापर्यंत येतंय, बागेला फेऱ्या मारता येतात. पण तिथे? मध्येच बसले तर? पुलाच्या अलीकडेच बसले तर? पुन्हा ती गाडी, पुन्हा तुमचे ते दोन चेहरे, ‘काही हरकत नाही सिस्टर’ म्हणणारे. मला भीती वाटते. झालं समाधान? वदवून घेतलंत? मी आख्ख्या वॉर्डाला धाक घालत होते आणि आता एका पुलाला घाबरते.

लिफ्ट: बसलात तर आम्हीही बसू. डबा उघडू. या वेळी खाऊसुद्धा.

सिस्टर: आणि पुढे जाता आलं नाही तर?

मास्तर: तर परत येऊ आणि पुढच्या वेळी जिथे बसलो तिथून निघू. मला काय, तेवढीच दुकानाला सुट्टी. बायको तर म्हणते, जा एकदा कुठेतरी, घरी बसून माझ्या साड्यांच्या कडा तपासत बसता.

लिफ्ट: आणि सिस्टर, आमचं राहिलं ते तुमच्यामुळे नाही हो राहिलं. आम्हाला जायचंच नव्हतं तसं. तुम्ही शब्द घेतलात, पण आम्हाला काय हवंय ते विचारलंतच नाही. हे एक दुकानदार असून तीनदा विचारतात, तुम्ही एकदाही नाही.

मास्तर: लिफ्ट, हळू बोल.

सिस्टर: बोलू दे तिला. बरोबर बोलतेय. नाही विचारलं मी. ती कात्री द्या इकडे.

मास्तर: कशाला?

सिस्टर: द्या म्हटलं ना. आणि विचारा दुसऱ्यांदा.

मास्तर: सिस्टर, माझ्या दुकानात कात्री मीच...

सिस्टर: विचारा.

मास्तर: दुसऱ्यांदा विचारतो. कापू?

सिस्टर: थांबा जरा. बघू दे.

लिफ्ट: सिस्टर?

सिस्टर: हा डाग बघितलास का गं? हा गुडघ्यावरचा. किती वेळा धुतली, गेला नाही. त्या पावसाच्या दिवसाचा आहे. चुलीवर दूध उतू गेलं आणि आपण तिघांनी मिळून एकच कपडा शोधला पुसायला.

लिफ्ट: तुमची पँट! तुम्ही घातलेली!

मास्तर: मी शोधली नव्हती हं. मी फक्त म्हटलं होतं की कापड चांगलं शोषून घेणारं आहे.

सिस्टर: ऐका आता दोघं. मी आधी सांगून ठेवते. वेग माझा राहील. कुणी कितीही उड्या मारल्या तरी माझ्याच वेगानं जायचं.

लिफ्ट: बरं.

सिस्टर: मी बसले तर कुणी गोड आवाज काढायचा नाही. ‘काही हरकत नाही’ म्हणालात तर काठीनं मारीन. सरळ म्हणायचं, ‘बसलात का? बसा.’

मास्तर: बसलात का, बसा. पाठ झालं.

सिस्टर: आणि मी मागेच चालणार. मला मधे घालून सांभाळून न्यायचं नाही. फक्त माझा आवाज ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहा.

लिफ्ट: तुमचा आवाज? तो तर दीपगृहातून निवाऱ्यापर्यंत येतो!

सिस्टर: चेष्टा पुरे. माझा दगड द्या.

मास्तर: घ्या. पण मग मी कापडावर काय ठेवू?

सिस्टर: इस्त्री ठेवा. वीटही चालेल. किंवा दरवाजाची ती पायरी तरी उखडून ठेवा, नाहीतरी तिचा काय उपयोग आहे?

लिफ्ट: सिस्टर, पण तुम्ही अजून उत्तर दिलं नाही. ते दुसऱ्यांदा विचारून थांबलेत.

सिस्टर: मग तिसऱ्यांदा विचारायला सांग त्यांना. नियम म्हणजे नियम.

मास्तर: तिसऱ्यांदा विचारतो हं, सिस्टर. नीट विचार करून सांगा. कापू?

सिस्टर: उसवा.

मास्तर: काय?

सिस्टर: उजव्या पायाची आतली शिवण उसवा. मांडीपासून पोटरीपर्यंत. गुडघ्याला पट्टा बांधते मी, तो आत बसला पाहिजे. एक पट्टी टाका मधे, रंग मिळाला नाही तरी चालेल. आणि दुहेरी टीप घाला. ओढ्यात बसले तरी टिकली पाहिजे.

मास्तर: पडले तरी.

सिस्टर: तेच ते. कधी देताय?

मास्तर: आत्ता देतो! लिफ्ट, तो दिवा जरा इकडे ओढ. नको, थांब, तुझे हात...

लिफ्ट: पुसलेत हो. आणि पिशवी, सिस्टर? भेंडी कशातून नेणार?

सिस्टर: एवढे खिसे आहेत पँटला, भेंडीच काय, दुधी मावेल. चला, आधी समोरच्या टपरीवर चहा पाजा मला. मघापासून नुसतं बोलून घसा कोरडा पडलाय. शिवणं नंतर.

मास्तर: मघाशीच म्हणायचंत! उठा, उठा. लिफ्ट, त्यांचा हात धर.

सिस्टर: हात कुणी धरायचा नाही. काठी द्या ती दाराजवळची. नाहीतर राहू दे, राहू दे तिथेच. एक पायरी तर आहे.

लिफ्ट: मास्तर, तुम्ही पुढे व्हा मग.

मास्तर: झालो. पायरी!

लिफ्ट: पायरी! ...सिस्टर?

सिस्टर: बघितली.